आधी अंधार, मग प्रोजेक्टर

दसरा-दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीतून दोन-तीन फोन हमखास येतात, ‘घरी प्रोजेक्टर बसवायचा आहे, कुठला घेऊ?’, आणि प्रत्येक वेळी माझा उलट प्रश्न ठरलेला असतो, ‘हॉलची टेरेस पूर्वेला आहे की पश्चिमेला?’ समोरच्याला वाटते की मी वास्तुशास्त्राकडे वळलो. प्रत्यक्षात प्रश्न अगदी साधा आहे. पश्चिमेला टेरेस असलेल्या हॉलमध्ये संध्याकाळी सूर्य मावळेपर्यंत ऊन आत येत असते, आणि त्या उन्हाचा बंदोबस्त कसा करणार हे ठरल्याशिवाय प्रोजेक्टरचे मॉडेल निवडणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल विकत घेण्यासारखे आहे. बहुतेक लोक आधी प्रोजेक्टर घेतात, मग पडद्याचा विचार करतात आणि खोलीचा विचार कधीच करत नाहीत. हा क्रम नेमका उलटा हवा, आणि तो का, हे समजून घेतले की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

टीव्ही आणि प्रोजेक्टर यांतला मूळ फरक काळ्या रंगात आहे. टीव्हीच्या काचेमागे काळा भाग दाखवायचा असेल तेथे प्रकाश अडवता येतो किंवा पूर्ण बंद करता येतो. प्रोजेक्टर मात्र फक्त प्रकाश फेकू शकतो. काळे दाखवायचे तर त्या ठिकाणी प्रकाश न फेकणे, एवढेच त्याच्या हातात असते. म्हणजे प्रोजेक्टर बंद असताना तुमचा पडदा जेवढा पांढरा किंवा करडा दिसतो, त्याहून अधिक काळे काहीही त्या पडद्यावर कधीच दिसणार नाही. दुपारी चार वाजता पडदा खाली सोडून पाहावा. तो पांढराशुभ्र दिसत असेल, तर चित्रपटातली रात्रही तेवढीच पांढरीशुभ्र असेल.

हे आकड्यांत मांडले तर अधिक पटते. प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात आणि एखाद्या पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्समध्ये; एक चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पसरला की तो एक लक्स होतो. १०० इंची पडदा, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १०० इंच आणि १६:९ प्रमाणाचा, सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२४ सेंटिमीटर उंच असतो. त्याचे क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर भरते. खरोखरचे २००० ल्युमेन देणारा प्रोजेक्टर या पडद्यावर साधारण ७२५ लक्स प्रकाश टाकतो. आता टेरेसचे पडदे उघडे आहेत आणि खोलीतला उजेड पडद्यावर २०० लक्स पडतो आहे असे धरू. मग पडद्यावरचा ‘काळा’ भाग २०० लक्सचा आणि पांढरा भाग ९२५ लक्सचा, म्हणजे पांढरे हे काळ्याच्या जेमतेम साडेचार पट उजळ. चित्र धुऊन काढल्यासारखे दिसते ते यामुळेच.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, दुप्पट ताकदीचा, ४००० ल्युमेनचा प्रोजेक्टर घेणे. मग हे प्रमाण सव्वाआठ पट होते. दुसरा, जाड पडदे लावून खोलीतला उजेड २०० वरून १०० लक्सवर आणणे. तेव्हाही प्रमाण तेवढेच, सव्वाआठ पट होते. पहिल्या उपायाचा खर्च काही हजारांपासून लाखापर्यंत जाऊ शकतो आणि दुसऱ्याचा खर्च पुण्याच्या रविवार पेठेतून आणलेल्या ब्लॅकआउट कापडाचा आणि शिलाईचा. उजेड आणखी कमी करून ५ लक्सवर आणला तर तोच २००० ल्युमेनचा प्रोजेक्टर जवळजवळ दीडशे पटीपर्यंत पोहोचतो, आणि तेवढे कुठल्याही घरगुती प्रोजेक्टरची ताकद वाढवून उजेडात मिळणार नाही. चित्रपटगृहासाठी पांढऱ्या पडद्याच्या उजळपणाचे प्रमाण ४८ निट (निट हे पृष्ठभागाचा उजळपणा मोजायचे एकक) ठरलेले आहे, जे घरातल्या टीव्हीच्या मानाने फारच कमी आहे. पूर्ण अंधारात १०० इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढा उजळपणा आणायला ४१५ ल्युमेन पुरतात. अलका टॉकीजमध्ये बसून कोणी ‘चित्र अंधूक आहे’ अशी तक्रार सहसा करत नाही, कारण तिथे अंधार पुरेसा असतो.

अंधार करायचा म्हणजे फक्त खिडक्या झाकायच्या असेही नाही. चित्रपट सुरू झाला की पडदाच खोलीतला दिवा होतो. त्याचा प्रकाश पांढऱ्या छतावर, पांढऱ्या भिंतींवर आणि आपल्याकडे हल्ली घरोघरी असलेल्या चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीवर पडतो आणि तिथून परत पडद्यावर येतो. उजळ दृश्यात एका कोपऱ्यात काळा कोट घातलेला माणूस असेल तर त्याचा कोट करडा होतो. चित्रपटगृहांच्या भिंती गडद रंगाच्या आणि कापडाच्या असतात त्या याचसाठी. हॉलच्या भिंती काळ्या करा असे सांगून मला कोणाच्या घरात भांडण लावायचे नाही, पण पडद्याच्या पुढचे तीन-चार फूट छत गडद मातकट किंवा राखाडी मॅट रंगाने रंगवणे आणि समोरच्या फरशीवर एखादी गडद सतरंजी अंथरणे एवढे केले तरी फरक डोळ्यांना दिसतो. सतरंजीचा प्रयोग तर आज रात्री फुकटात करून पाहता येईल.

हे मला अनुभवानेच कळले. पहिला प्रोजेक्टर मी ऑनलाइन सेलमध्ये घेतला होता. खोक्यावर ल्युमेनचा पाच आकडी आकडा आणि शेजारी ‘४के सपोर्ट’ असे ठळक छापलेले होते. रात्री सगळे दिवे बंद केल्यावर चित्र दिसायचे, स्वयंपाकघरातला दिवा लागला की विरायचे. तेव्हा तो प्रोजेक्टर मी मोजायला घेतला, आणि ही मोजणी कोणालाही घरी करता येते. प्रोजेक्टरवर संपूर्ण पांढरे चित्र लावायचे, पडद्याचे उभे-आडवे नऊ सारखे भाग कल्पायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्समापक पडद्याला टेकवून प्रोजेक्टरकडे तोंड करून धरायचा, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि तिला पडद्याच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाने गुणायचे. जे उत्तर येते ते ल्युमेन. एएनएसआय ल्युमेन म्हणून जे सांगितले जाते त्याची पद्धत मुळात हीच आहे. मोबाइलमधल्या लक्स ॲपवर फार विसंबू नये, पण उत्तर हजारात आहे की शेकड्यात हे त्यावरूनही कळते. माझ्या प्रोजेक्टरचे उत्तर शेकड्यात आले, आणि त्या शेकड्याच्या आधीचा आकडाही लहान होता. तेव्हापासून खोक्यावर नुसते ‘ल्युमेन’ लिहिलेले असेल तर मी तो आकडा वाचत नाही. ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ’ या मानके ठरवणाऱ्या संस्थांचे नाव पुढे असेल तरच वाचतो. तोही आकडा बहुधा सर्वांत उजळ, हिरवट दिसणाऱ्या मोडमधला असतो, आणि रंग नीट दाखवणाऱ्या सिनेमा मोडमध्ये त्यातला बराच प्रकाश कमी होतो, हे हिशेबात धरावे.

‘४के सपोर्ट’चा अर्थही नीट समजून घ्यावा. सपोर्ट म्हणजे प्रोजेक्टर तो सिग्नल स्वीकारतो. तो दाखवताना आपल्या कुवतीप्रमाणे त्यातले ठिपके कमी करतो. विचारायचे ते ‘नेटिव्ह रेझोल्यूशन’, म्हणजे प्रोजेक्टर स्वतः खरोखर किती ठिपके दाखवतो. १०८० पी म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके आणि ४के म्हणजे सुमारे ८३ लाख. यातही एक खोच आहे: घरगुती ४के प्रोजेक्टरांपैकी पुष्कळांच्या आत २१ लाख आरशांचीच चिप असते आणि ती प्रत्येक चित्र अतिजलद गतीने किंचित सरकवत चार वेळा दाखवते, जेणेकरून पडद्यावर ८३ लाख ठिपके उमटतात. याला फसवणूक म्हणू नये, कारण सोफ्यावरून पाहताना परिणाम खरोखर चांगला असतो. १०० इंची पडदा चार मीटरवरून पाहणाऱ्याला चांगला १०८० पी प्रोजेक्टर आणि स्वस्तातला ४के प्रोजेक्टर यांत निवड करायची असेल, तर मी दर वेळी पहिल्याच्या बाजूने कौल देईन.

आत प्रकाश कसा हाताळला जातो यावरून प्रोजेक्टरचे मुख्य तीन प्रकार पडतात. डीएलपी प्रकारात एका चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात; एकेक आरसा केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा आणि सेकंदाला हजारो वेळा तिरपा होणारा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ही चिप तयार केली आणि त्यासाठी २०१५ मध्ये त्यांना ऑस्करही मिळाले. घरगुती डीएलपीमध्ये अशी एकच चिप असते, म्हणून लाल, हिरवा, निळा हे रंग एकाच वेळी न दाखवता एकामागून एक दाखवले जातात आणि मेंदू त्यांचे मिश्रण करतो. काही जणांच्या डोळ्यांना मात्र नजर झटकन फिरवताना उजळ वस्तूंच्या कडांवर इंद्रधनुष्यासारखी चमक दिसते. आपल्याला ती दिसते का, हे दुकानात काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी श्रेयनामावली लावून, मान हलवून पाहावे; आणि घरातल्या सगळ्यांना पाहायला लावावे, कारण नवऱ्याला न दिसलेली चमक बायकोला पहिल्याच मिनिटात दिसल्याचे उदाहरण माझ्याच घरात आहे. दुसरा प्रकार थ्रीएलसीडी, ज्यात तीन रंगांसाठी तीन वेगळे पॅनेल असतात आणि तिन्ही रंग एकाच वेळी पडद्यावर पोहोचतात, त्यामुळे ही चमक उद्भवतच नाही. तिसरा एलकॉस, जो सोनी आणि जेव्हीसी वापरतात. काळा रंग सर्वांत खोल यातच मिळतो, पण किंमत चारचाकीच्या दिशेने जाते आणि पांढऱ्या भिंतींच्या हॉलमध्ये तो खोलपणा बराचसा वायाच जातो. सेलमध्ये चार-आठ हजारांना मिळणारे प्रोजेक्टर या तिन्हींत बसत नाहीत. त्यांत एकच साधे एलसीडी पॅनेल आणि मागे एलईडी दिवा असतो. मुलांच्या वाढदिवसाला गच्चीवर एखादे कार्टून दाखवायला ते ठीक आहेत.

प्रकाशाचा उगम दिवा, एलईडी किंवा लेसर असतो. पाऱ्याच्या बाष्पाचा पारंपरिक दिवा काही हजार तास चालतो आणि शेवटी-शेवटी त्याचा प्रकाश निम्म्यावर आलेला असतो. लेसर आणि एलईडीची आयुष्ये २०,००० तासांच्या आसपास सांगितली जातात. रोज दोन तास पाहिले तर हे सत्तावीस वर्षे होतात, म्हणजे त्याआधी दुसरेच काहीतरी बिघडेल. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर त्याच्या आतला पंखा काही वेळ फिरून दिवा थंड करतो. मध्येच वीज गेली तर तो तापलेलाच राहतो. त्यामुळे पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी दिव्याचा प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर ठेवावा.

आता खोलीचे माप. पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हॉल दहा फूट बाय सोळा फूट, म्हणजे साधारण ३.०५ मीटर बाय ४.९ मीटर धरू, आणि छत साडेनऊ फुटांवर. पडदा दहा फुटी भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकून असेल तर डोळे पडद्यापासून सुमारे ४.१ मीटरवर येतात. इतक्या अंतरावरून १०० इंची पडदा दृष्टीचा ३० अंशांचा कोन व्यापतो, जो चित्रपट पाहण्यासाठी किमान समजला जातो. मग १२० इंची का घेऊ नये? घ्यावा, पण १२० इंची पडद्याची रुंदी २६६ सेंटिमीटर असते आणि ३०५ सेंटिमीटरच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना जेमतेम वीस-वीस सेंटिमीटर उरतात, ज्यात स्पीकर उभा राहत नाही. शिवाय पडद्याचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते, म्हणजे तोच प्रकाश तेवढ्या अधिक जागेवर पसरून चित्र फिके होते. शंभर इंच हा आकडा आपल्याकडच्या हॉलला मानवतो.

प्रोजेक्टर पडद्यापासून किती दूर बसवायचा हे त्याच्या थ्रो रेशोवरून ठरते. हा आकडा म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. रेशो १.५ असेल तर २.२१ मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर ३.३ मीटरवर हवा. तो आपल्या सोळा फुटी हॉलमध्ये सोफ्याच्या थोडा पुढे, डोक्यावर येतो. आणि इथे, छताकडे पाहिल्यावर, पुण्यातल्या प्रत्येक हॉलमधली खरी अडचण दिसते, ती म्हणजे छताचा पंखा.

माझ्या मेव्हण्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसवणाऱ्याने प्रोजेक्टर छताला अगदी चिकटवून, पावणेतीन मीटर उंचीवर लावला होता. दिसायला सुबक. पंखा हॉलच्या मधोमध, पडद्यापासून अडीच मीटरवर, त्याची पाती जमिनीपासून आठ फुटांवर. प्रोजेक्टरचा झोत पातींमधूनच जात होता, आणि मे महिन्यात पंखा लावला की चित्राच्या वरच्या भागात लुकलुक सुरू. त्यांनी प्रोजेक्टर बदलून देण्याची मागणी केली होती. दोष प्रोजेक्टरचा नव्हता. डीएलपी प्रोजेक्टर उलटा टांगला की त्याची लेन्स सहसा चित्राच्या वरच्या कडेच्या पातळीत किंवा चित्राच्या उंचीच्या दहाएक टक्के वर हवी असते आणि झोत तिथून सरळ व खाली पसरतो. पडद्याची खालची कड जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर धरली तर वरची कड दोन मीटरवर येते आणि लेन्स साधारण २.१ मीटरवर. म्हणजे छतापासून सुमारे ऐंशी सेंटिमीटरचा पाइप सोडून प्रोजेक्टर खाली घ्यायला हवा, जेणेकरून झोत पंख्याच्या पातींखालून जाईल. पाइप दिसायला वाईट दिसतो, हे खरे आहे. पण पाइप न सोडता चित्र सरळ करण्यासाठी मग कीस्टोन वापरावा लागतो, आणि तो त्याहून वाईट.

कीस्टोन म्हणजे तिरक्या कोनातून फेकल्यामुळे एका कडेला रुंद-दुसऱ्या कडेला अरुंद झालेले चित्र प्रोजेक्टरच्या आत, आकडेमोडीने, उलट बाजूने वाकडे करून पडद्यावर चौकोनी दाखवणे. त्यासाठी चिपवरचे काही ठिपके वाया जातात, बारीक अक्षरे मऊ होतात आणि चित्राभोवती वाया गेलेल्या ठिपक्यांची फिकट करडी कड दिसत राहते. लेन्स शिफ्ट ही सोय वेगळी आहे. तीत लेन्सच वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकते आणि चित्राचा एकही ठिपका खर्ची पडत नाही. छताला पाइप सोडायचा नसेल, मागच्या भिंतीवर फळी ठोकून प्रोजेक्टर ठेवायचा असेल, तर पुरेशी लेन्स शिफ्ट आणि १.९ रेशोपर्यंत जाणारी झूम असलेला प्रोजेक्टरच शोधावा. असे मॉडेल थ्रीएलसीडी प्रकारात अधिक मिळतात. ‘ऑटो कीस्टोन’ हे जाहिरातीतले भूषण मी तरी दोष लपवण्याची सोय म्हणूनच पाहतो.

भिंतीला लागून कपाटावर ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर पंख्याचा प्रश्नच मिटवतात, कारण ते अर्ध्या मीटरवरून वरच्या दिशेने चित्र फेकतात. मात्र त्यांचा प्रकाश भिंतीला घासत जातो, त्यामुळे प्लास्टरमधला हाताला न जाणवणारा उंचवटाही चित्रात लाट होऊन दिसतो. त्यांना ताणून बसवलेला पक्का पडदाच लागतो, आणि तो खास त्यांच्यासाठीच्या, खालून येणारा प्रकाश परतवून वरचा उजेड शोषणाऱ्या करवतीसारख्या पृष्ठभागाचा असावा. उजेड पूर्ण घालवता येत नाही अशा हॉलसाठी हा संच खरोखर उपयोगाचा आहे. फक्त पडद्याची किंमत प्रोजेक्टरच्या किमतीत आधीच धरावी. साध्या प्रोजेक्टरला मॅट पांढरा, १.० किंवा १.१ गेनचा (गेन म्हणजे पडदा समोर किती प्रकाश परतवतो त्याचे प्रमाण), मागून काळा पडदा पुरतो. गुंडाळायच्या स्वस्त पडद्यांना वर्ष-दोन वर्षांत कडांना लाटा येतात; भिंत मोकळी ठेवता येत असेल तर चौकटीवर ताणलेला पडदा घ्यावा. सुरुवातीला तर मॅट पांढऱ्या रंगाची सपाट भिंतही चालते, पण सॅटिन किंवा चमकदार रंगाची नाही, कारण तिच्या मध्यभागी दिव्यासारखा डाग चमकतो.

बसवण्याआधी एक आठवडा प्रोजेक्टर उंच स्टुलावर ठेवून चित्रपट पाहावेत, असा माझा आग्रह असतो. भिंतीवर मास्किंग टेपने पडद्याची चौकट आखावी, घरच्यांना वेगवेगळ्या जागी बसवावे, आणि मानेला ताण येतो का, प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज त्रास देतो का, हे पाहूनच छताला छिद्र पाडावे. हे छिद्र स्लॅबमध्येच हवे आणि त्यात फास्टनर ठोकलेला हवा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला प्रोजेक्टर टांगणे धोक्याचे आहे. पंख्याची वायर भिंतीकडे ज्या पाइपमधून स्लॅबच्या आतून जाते, त्या रेषेत ड्रिल चालवू नये, हे वायरमनला आवर्जून सांगावे.

वायरचा पाइप हा माझा दुसरा धडा. घराचे काम चालू असताना मी भिंतीतून प्रोजेक्टरपर्यंत पाइप टाकून घेतला, समाधानाने प्लास्टर करून घेतले, आणि सहा महिन्यांनी एचडीएमआय केबल ओढायला गेलो तेव्हा तिचे डोके पाइपात शिरेना. वायर बारीक, डोके रुंद, पाइप वीस मिलिमीटरचा आणि वाटेत दोन काटकोनी वळणे. शेवटी पांढरी पट्टी भिंतीवरून फिरवली, ती अजून दिसते. पाइप किमान दीड-दोन इंची घ्यावा, वळणे गोलसर ठेवावीत आणि आत ओढायची दोरी आधीच सोडून ठेवावी. पाच-सात मीटरच्या पुढे ४के सिग्नलसाठी तांब्याची केबल बेभरवशाची होते. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय लावावी, आणि तिला दिशा असते हे विसरू नये. ‘डिस्प्ले’ लिहिलेले टोक प्रोजेक्टरकडे. उलटी ओढून भिंतीत गेलेली केबल पुन्हा काढणे काय असते, हे मी सांगत बसत नाही.

आवाजाचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. एवढेच की प्रोजेक्टरच्या आतल्या स्पीकरवर चित्रपट पाहू नये, कारण संवाद डोक्यामागून येतात. स्ट्रीमिंग स्टिक पडद्याजवळच्या ॲम्प्लिफायरला किंवा साउंडबारला जोडावी आणि तिथून एकच केबल प्रोजेक्टरकडे न्यावी. स्टिक स्वतंत्र घ्यावी हे बरे. स्वस्त प्रोजेक्टरांतल्या अँड्रॉइडला काही ॲप्सची अधिकृत मान्यता नसते, मग चित्र एचडीत येत नाही किंवा ॲपच चालत नाही. सबवूफरखाली जाड रबराचा पॅड ठेवावा, कारण त्याचा धमधमाट स्लॅबमधून थेट खालच्या काकांच्या उशाशी पोहोचतो.

चालू केल्यावर पहिले काम म्हणजे कारखान्यातून आलेला ‘व्हिव्हिड’ किंवा ‘ब्राइट’ मोड बदलून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावणे. पहिली दहा मिनिटे चित्र पिवळट वाटते, मग डोळा सरावतो आणि माणसांच्या त्वचेचे रंग खरे दिसू लागतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी, नाहीतर चित्रपट मालिकेसारखा दिसतो. शार्पनेस कमी करावा. एचडीआरकडून (उजळ आणि गडद यांतला फरक वाढवून दाखवणाऱ्या चित्रप्रकाराकडून) टीव्हीसारख्या लखलखाटाची अपेक्षा ठेवू नये; तेवढा प्रकाशच तिथे नसतो. ‘हाय अल्टिट्यूड’ मोड चालू असेल तर बंद करावा, कारण तो साधारण दीड हजार मीटरच्या वरच्या विरळ हवेसाठी असतो आणि पुणे साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. तो चुकून चालू राहिला तर प्रोजेक्टरचा पंखा विनाकारण घोंघावतो आणि लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतात.

खरेदीला जाताना माप लिहिलेला कागद सोबत ठेवावा: पडद्याची रुंदी, बसायचे अंतर, प्रोजेक्टर लावायची जागा आणि रात्री दिवे बंद असताना हॉलमध्ये उरणारा उजेड. पाइप, ब्रॅकेट, केबल यांसाठी पुण्याची तपकीर गल्ली, म्हणजे विजेच्या सामानाची बाजारपेठ, पुरे आहे. प्रोजेक्टर मात्र डेमो दाखवणाऱ्या आणि पुण्यात सर्व्हिस असलेल्या ठिकाणाहून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या किमतीशी तुलना करताना ते ध्यानात घ्यावे. आणि घरात दुपारी मालिका पाहणारी आजी किंवा दिवसाचे क्रिकेट पाहणारे वडील असतील तर त्यांचा टीव्ही काढू नये. प्रोजेक्टरचा गुंडाळायचा पडदा टीव्हीच्या पुढे सोडण्याची व्यवस्था करावी.

पुढची देखभाल थोडी आहे. आजूबाजूला बांधकाम चालू असेल, आणि वाकड-बाणेरकडे ते चालूच असते, तर हवेच्या जाळीतला फिल्टर महिन्याला एकदा मऊ ब्रशने साफ करावा. पावसाळ्यात प्रोजेक्टर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवावा, म्हणजे आतला ओलावा निघतो आणि लेन्सवर बुरशी धरत नाही. लहान मुलांना लेन्समध्ये डोकावू देऊ नये, विशेषतः लेसर असेल तर. जूनमधल्या पहिल्या पावसानंतर टेरेसच्या दारातून पंखांचे किडे उजळ पडद्यावर येतात आणि त्यांच्यामागून भिंतीवरची पाल. तिला झाडूने हुसकायला जाऊ नये, पडद्यावर कायमचा ओरखडा उठतो. चित्र पाच मिनिटे बंद करून टेरेसचा दिवा लावावा आणि दार उघडे ठेवावे. किडे बाहेर जातात, आणि थोड्या वेळाने पालही.